पांढऱ्या बेटावरचा एक दिवस

आमच्या शाळेतील पृथ्वीगोलाच्या माथ्यावर पितळेची एक चपटी टोपी बसविलेली आहे. आस जागच्या जागी राहावा म्हणून कारागिराने ती योजिली. परंतु तिच्याखाली उत्तर ध्रुव तर झाकला गेलाच, शिवाय ऐंशीव्या अक्षांशापलीकडचा बहुतेक मुलूखही लुप्त झाला. त्या टोपीच्या अगदी कडेला, जिथे स्पिट्सबर्गेनच्या द्वीपसमूहाचे पूर्वेकडील टोक येते, तिथे एक लहानसे बेट असावयास हवे. नॉर्वेजियन भाषेत त्याचे नाव क्वितोया, म्हणजे पांढरे बेट. आमच्या गोलावर ते नाही. मुलांच्या नकाशापुस्तकातही नाही. या महिन्याच्या लेखात वाचकांस आम्ही तिथेच घेऊन जाणार आहोत, आणि तेही एका विशिष्ट दिवशी : ६ ऑगस्ट १९३० रोजी.

मराठी वाचकाला ध्रुवप्रदेश अगदीच परका नाही. लोकमान्यांचा वेदांतील आर्यांच्या उत्तरध्रुवीय मूलस्थानाविषयीचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली निघाला, आणि तेव्हापासून सहा महिन्यांची रात्र व दीर्घकाळ रेंगाळणारी उषा हे विषय आपल्याकडील ओसरीवरच्या गप्पांत शिरले. तो सिद्धांत आजचे विद्वान मानीत नाहीत, हे खरे. तथापि ज्या दिवशी, म्हणजे २७ जुलै १८९७ रोजी, टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबईत अटक झाली, त्याच दिवशी तीन स्वीडिश गृहस्थ त्या ध्रुवप्रदेशात गोठलेल्या समुद्रावरून जड गाड्या ओढीत चालले होते, आणि जगात कोणालाही त्यांचा ठावठिकाणा माहीत नव्हता. पुढे तेहेतीस वर्षे तो कळला नाही. तो कळला, तोच हा दिवस.

‘ब्राटवाग’ हे नॉर्वेतील ओलेसुंड बंदराचे एक लहानसे शिकारी जहाज. सील आणि वॉलरस मारून त्यांची कातडी व चरबी आणावयाची, हा त्याचा धंदा. १९३० च्या उन्हाळ्यात त्यावर गुन्नार हॉर्न या भूशास्त्रज्ञाच्या हाताखाली एक छोटे शास्त्रीय मंडळही होते. एक वनस्पतिशास्त्रज्ञ आणि एक प्राणिशास्त्रज्ञ बरोबर होते. जहाजाचा कप्तान पेडर एलियासेन हा बर्फाच्या समुद्रात मुरलेला माणूस. शास्त्रज्ञांना दगड व शेवाळी हवी होती, खलाशांना वॉलरस हवे होते, आणि एकाच खर्चात दोन्ही कामे साधावयाची होती. आपल्याकडे लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर कोणी व्यापारी आपला मालही लादून नेतो, तशातलाच हा संसारी प्रकार. थोर शोधांच्या मागे असले व्यवहार पुष्कळदा असतात, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

पांढऱ्या बेटाकडे जाणे हे इच्छेवर अवलंबून नसे. पूर्वेकडून वाहत येणारा बर्फ वर्षानुवर्षे त्याला वेढून असे. जहाजे दुरून बेटाचा घुमट पाहत आणि परत फिरत. त्या वर्षी मात्र उन्हाळा निराळा होता. बर्फ पुष्कळ मागे हटला होता आणि ‘ब्राटवाग’ला मोकळे पाणी सापडत गेले. ऑगस्टच्या आरंभी त्या अक्षांशावर सूर्य मावळत नाही. तो क्षितिजाभोवती फेरी घालतो, मध्यरात्री उत्तरेला खाली उतरतो आणि पुन्हा वर चढू लागतो. त्यामुळे खलाशांची पाळी घड्याळावर बदलते, उजेडावर नव्हे. समुद्रात विखुरलेले हिमखंड, त्यांच्या पाण्याखालच्या निळसर कडा, अधूनमधून दाटून येणारे धुके आणि धुक्यात बर्फावर लाट फुटण्याचा आवाज : अशा पाण्यातून जहाज हाकणे म्हणजे कप्तानाच्या कानांचीही परीक्षा असते.

५ ऑगस्टला बेट दिसले. बेट म्हणताच आपल्या डोळ्यांसमोर माडांची रांग उभी राहते. इथे तसे काही नाही. क्वितोयाचे क्षेत्रफळ सुमारे सातशे चौरस किलोमीटर, आणि त्यातील जवळजवळ सारी जमीन एका प्रचंड हिमकवचाखाली गाडलेली. ताटावर पालथी घातलेली शुभ्र वाटी जशी दिसावी तसा त्याचा आकार. ढगाळ हवेत त्याची वरची रेघ आकाशात मिसळून जाते आणि जमीन कोठे संपली व आभाळ कोठे सुरू झाले हे समजत नाही. उघडी जमीन फक्त दोन-तीन टोकांना : वाळू, गोटे आणि कमी उंचीचे खडक.

६ तारखेला होड्या पाण्यात उतरल्या आणि मंडळी बेटाच्या नैर्ऋत्येकडील टोकावर उतरली. हॉर्न व त्याचे सोबती आपापल्या कामाला लागले. खलाशांनी वॉलरस गाठले, मारले आणि किनाऱ्यावर ओढून कातडी सोलावयास घेतली. वॉलरस सोलणे हे कष्टाचे काम. इंचइंच जाडीचे कातडे, त्याखाली चरबी, हातात सुरी, अंगावर रक्त. अशा कामात तहान लागतेच. ओलाव सालेन आणि कार्ल तुस्विक हे दोघे तरुण खलाशी गोडे पाणी शोधावयास निघाले. बर्फ वितळून आलेला एक ओहोळ त्यांनी ओलांडला, आणि पलीकडे त्यांना अॅल्युमिनियमचे एक झाकण दिसले.

वाचकहो, झाकण! जिथे माणसाने पाऊल टाकल्याची नोंद फार थोडी, अशा भूमीवर स्वयंपाकाच्या भांड्याचे झाकण. ते पाहून दोघांनी सभोवार नजर टाकली, तो बर्फाच्या ढिगातून काहीतरी काळसर वर आलेले दिसले. ती कापडी होडी होती. बर्फात अर्धी रुतलेली, गाडीवर चढविलेली, सामानाने भरलेली. सामानात होडी ओढावयाचा एक आकडा निघाला, त्यावर ‘आंद्रे यांची ध्रुवीय मोहीम, १८९६’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेली होती. कप्तान एलियासेन हॉर्नकडे गेला आणि त्याने पाण्याने थबथबलेले एक पुस्तक त्याच्या हाती ठेवले. हॉर्न सुशिक्षित स्कँडिनेव्हियन माणूस; आंद्रे हे नाव त्याला समजावून सांगण्याची गरज पडली नाही. आपल्या वाचकांना मात्र ते सांगितले पाहिजे, आणि त्यासाठी बेटावरची मंडळी क्षणभर तशीच उभी ठेवून आपण मागे जाऊ.

सालोमन ऑगस्ट आंद्रे हा स्टॉकहोममधील पेटंट कचेरीतला एक इंजिनियर. ध्रुवापर्यंत पायी किंवा जहाजाने जाण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे फसत होते. तेव्हा वरूनच का जाऊ नये, असा त्याचा प्रश्न. विमान अजून जन्मावयाचे होते. होता तो हायड्रोजनने भरलेला फुगा, आणि फुग्याचा दोष जगजाहीर : वारा नेईल तिकडे तो जातो. आंद्रेने त्यावर तोड काढली. फुग्याखालून जड दोर सोडावयाचे, ते बर्फावरून घासत जातील, त्यामुळे फुगा वाऱ्याहून सावकाश चालेल. आणि वेगात असा फरक पडला की शिडे लावून दिशा थोडीबहुत बदलता येईल. कल्पना ऐकावयास चतुर आहे. आल्फ्रेड नोबेलने मोहिमेचा सुमारे अर्धा खर्च उचलला, राजे दुसरे ऑस्कर यांनी देणगी दिली, पॅरिसच्या लाशांब्र नावाच्या कारखानदाराकडून रेशमाचा प्रचंड फुगा तयार झाला. त्याचे नाव ‘ओर्नेन’, म्हणजे गरुड.

१८९६ साली आंद्रे स्पिट्सबर्गेनच्या वायव्येकडील डेन्स बेटावर जाऊन बसला. तिथे भलीमोठी लाकडी छपरी उभारली, आम्ल व लोखंड यांच्या संयोगाने हायड्रोजन तयार केला, फुगा भरला, आणि दक्षिणेच्या वाऱ्याची वाट पाहिली. वारा आला नाही. त्याच ऑगस्टमध्ये नान्सेनचे ‘फ्राम’ जहाज तीन वर्षे बर्फात वाहत राहून मोकळे झाले आणि वाटेत डेन्स बेटापाशी थांबले. बर्फाने काय करता येते आणि काय करता येत नाही, हे अनुभवाने शिकलेली ती माणसे, आणि समोर अजून न उडालेला फुगा : या भेटीचे चित्र कोणी काढले असल्यास आम्हांस पाहावयास आवडेल.

आंद्रेचा एक सहकारी निल्स एकहोम हा हवामानशास्त्रज्ञ होता. फुग्याच्या शिवणीतील असंख्य सुईच्या छिद्रांतून वायू झिरपतो आणि दिवसाला सुमारे ६८ किलो वजन उचलण्याची शक्ती कमी होते, असे त्याने मोजून दाखविले. आंद्रेला तर तीस दिवस हवेत राहावयाचे होते. एकहोमने मोहिमेतून अंग काढून घेतले. त्याच्या जागी क्नुट फ्रेंकेल हा सत्तावीस वर्षांचा धट्टाकट्टा इंजिनियर आला. तिसरा सोबती निल्स स्ट्रिंडबर्ग. वय चोवीस, पदार्थविज्ञानाचा अभ्यासक, छायाचित्रणात तरबेज, सुप्रसिद्ध नाटककार स्ट्रिंडबर्गच्याच घराण्यातला. दोन मोहिमांच्या मधल्या काळात त्याचे आन्ना शार्लियर या मुलीशी लग्न ठरले होते.

एकहोमच्या आकडेमोडीला आंद्रेने उत्तर का दिले नाही, असे वाचक विचारतील. आमचे मत असे की तोवर उत्तर देण्याची मुभा त्याला उरली नव्हती. स्टॉकहोमने त्याला एकदा वाजतगाजत निरोप दिला होता आणि तो रिकाम्या हाताने परत आला होता. नोबेल डिसेंबर १८९६ मध्ये वारला. त्याचे पैसे खर्च झालेले. एकदा माघार घेणे शहाणपणाचे ठरते. दुसऱ्यांदा घेतली की लोक हसतात, आणि लोकांच्या हसण्याला भिणारी माणसे भित्री नसतात, हीच खरी अडचण आहे. वर्गात मुलगा चूक रीतीने उदाहरण सोडवू लागला, की अर्ध्या फळ्यापर्यंत आल्यावर त्याला आपली चूक दिसते. परंतु सारा वर्ग पाहत असतो, म्हणून तो तसाच पुढे जातो. पुसून टाकण्याचे धैर्य फार थोड्यांना असते.

११ जुलै १८९७ रोजी दुपारी दोर तोडले. फुगा वर गेला तोच बंदराच्या पाण्यावर खाली आला. टोपली जवळजवळ बुडाली. तिघांनी घाईने वाळूच्या पिशव्या फेकल्या, सुमारे २१० किलो. तिकडे किनाऱ्यावर मागे राहिलेल्यांना वेगळेच दृश्य दिसले. घसटणाऱ्या दोरांचे खालचे भाग स्क्रूने जोडलेले होते. दोर अडकल्यास पीळ देऊन सोडविता यावेत हा हेतू. जमिनीवरून जाताना त्यांना आपोआप पीळ बसला आणि ५३० किलो वजनाचे दोर किनाऱ्यावरच गळून पडले. निघून काही मिनिटे झाली नाहीत तोच दिशा बदलण्याची सारी योजना वाळूत वेटोळे घालून पडली होती, आणि सुकाणू असलेले वाहन सामान्य फुगा होऊन उडाले. हलका झालेला फुगा सुमारे ७०० मीटर उंच चढला, तिथल्या विरळ हवेत वायू अधिकच निसटला. पहिले दहा-साडेदहा तास तो नीट तरंगला. मग धुक्यात भिजून जड झाला आणि टोपली बर्फावर आपटू लागली.

बरोबर टपालाची कबुतरे नेली होती. त्यांतील एकच बातमी घेऊन पोहोचले. एका नॉर्वेजियन जहाजावर ते टेकले आणि मारले गेले. त्याच्याजवळची चिठ्ठी १३ जुलैची : जहाजावर सर्व क्षेम आहे, अशा आशयाची. दुसऱ्याच दिवशी, १४ जुलैला सकाळी, सुमारे पासष्ट तासांच्या प्रवासानंतर, ८२ अंश ५६ कला अक्षांशावर त्यांनी फुगा बर्फावर उतरविला. कोणाला इजा झाली नव्हती. स्ट्रिंडबर्गने उतरून पडलेल्या गरुडाचे छायाचित्र घेतले. ध्रुव अजून पावणेआठशे किलोमीटरांवर होता आणि जमीनही कोठे जवळ नव्हती.

आठवडाभर त्यांनी सामान लावले. २२ जुलैला तिघे निघाले. प्रत्येकाच्या गाडीवर सुमारे दोनशे किलो भार. रोख पूर्वेला, फ्रान्झ जोसेफ द्वीपांकडे, जिथे धान्याचा साठा ठेवलेला होता. आणि इथे त्यांना तो गणिती प्रकार भेटला, जो आम्ही सातवीच्या मुलांना आगगाडीच्या डब्यात चालणाऱ्या प्रवाशाच्या रूपाने घालतो. ते बर्फावरून पूर्वेला चालत होते, आणि पायाखालचा सारा बर्फ पश्चिमेला वाहत होता. दिवसभर दोरीला खांदा लावून गाड्या ओढाव्यात, उंचवट्यांवरून चढवाव्यात, फटींतून होडीने पार कराव्यात, आणि संध्याकाळी सूर्याचा वेध घेऊन पाहावे तो आपण सकाळपेक्षाही मागे. ४ ऑगस्टला त्यांनी बेत बदलला आणि नैर्ऋत्येकडील सात बेटांचा रोख धरला, तर काही दिवसांनी प्रवाह तिकडूनही उलटा वाहू लागला. आंद्रेच्या रोजनिशीत या साऱ्याची नोंद आहे, आणि ती शांत आहे. पायांची दुखणी, अस्वलाचे मांस, बर्फाचे प्रकार, पक्षी : सर्व काही जणू कचेरीच्या दप्तरात नोंदल्याप्रमाणे. स्ट्रिंडबर्ग मात्र सुरुवातीचे काही दिवस आन्नाला लघुलिपीत पत्रे लिहीत होता.

४ सप्टेंबरला त्याला पंचविसावे वर्ष पूर्ण झाले. आंद्रेने त्याच्या घरच्यांची व आन्नाची पत्रे या दिवसासाठी गुपचूप जपून आणली होती. ती त्याने सकाळी त्याच्या हाती दिली. अशा यातायातीत, जिथे प्रत्येक शेर वजन टाकून द्यावे लागत होते, ती पत्रे त्याने टाकली नव्हती. आंद्रेच्या हट्टाबद्दल वर आम्ही बोललो आहोत. हेही त्याच्याच खात्यावर मांडावयाचे. त्याच दिवशी स्ट्रिंडबर्ग गाडीसकट पाण्यात पडला आणि खाण्याचे पुष्कळ सामान भिजले.

सप्टेंबरच्या मध्यास तिघांनी चालणे थांबविले. एका मोठ्या हिमखंडावर बर्फाचे घर बांधून तिथेच हिवाळा काढावयाचा आणि प्रवाह नेईल तिकडे जावयाचे असे ठरले. प्रवाह त्यांना पांढऱ्या बेटाजवळ घेऊन आला. २ ऑक्टोबरच्या पहाटे हिमखंड दुभंगला आणि घराच्या भिंतीलगतच पाणी आले. ५ ऑक्टोबरला ते बेटावर उतरले. जवळजवळ तीन महिन्यांनंतर त्यांच्या पायाखाली न हलणारी जमीन आली होती. त्यानंतरच्या काही थोड्या दिवसांच्या नोंदी आहेत. मग वही कोरी.

आता पुन्हा १९३० मध्ये या. हॉर्न आणि खलाशी होडीपासून थोड्या अंतरावर गेले, तिथे एका खडकाला टेकून एक देह होता. अस्वलांनी उपद्रव दिलेला. अंगातील कोटावर ‘ए’ हे अक्षर होते आणि आतल्या खिशात रोजनिशी. काही अंतरावर खडकांच्या फटीत दगड रचलेले, आणि त्याखाली दुसरा देह, वस्त्रांवर ‘एन. एस.’ ही अक्षरे. म्हणजे स्ट्रिंडबर्ग आधी गेला, आणि उरलेल्या दोघांना त्याच्यावर दगड रचण्याइतकी शक्ती होती. नंतर कोणी कोणावर दगड रचले नाहीत.

आंद्रेपाशी एक प्रायमस स्टोव्ह होता. या यंत्राची ओळख आपल्या घरांना करून देणे नको. गॅस येण्यापूर्वी आमच्या आईच्या पिढीचा सारा स्वयंपाक त्याच्या फर्रफर्र आवाजात झाला. बर्नरला पिन मारावी, टाकीला पंप मारावा, आणि पाहुणे दारात असताना नेमका तो रुसावा. स्वीडनमध्ये निर्माण झालेले ते यंत्र तेहेतीस वर्षे बर्फात पडून होते. टाकीत रॉकेल शिल्लक होते, आणि पंप मारताच त्याची बारीक फवार अजूनही येत होती. ही एक गोष्ट आम्हांस साऱ्या कथेत अधिक भेदक वाटते. ती माणसे इंधन संपून गेली नाहीत.

ही हकीकत आम्ही एकदा पावसामुळे मैदानाचा तास बुडाला तेव्हा आठवीच्या वर्गाला सांगितली. मुलांनी अस्वले किती आणि बंदुका कोणत्या हे विचारले. मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, शेवटी जो एकटा राहिला, तो कुणाशी बोलला असेल?” आम्ही घंटेकडे पाहिले, आणि घंटा काही झाली नाही.

‘ब्राटवाग’च्या मंडळींनी दोन्ही देह व सापडलेले सामान जहाजावर नेले आणि दगडांची खूण करून बेट सोडले. वाटेत भेटलेल्या दुसऱ्या शिकारी जहाजाकरवी बातमी नॉर्वेला पोहोचली आणि तिथून साऱ्या जगाच्या तारा वाजू लागल्या. वृत्तपत्रांनी जहाजे भाड्याने घेतली. त्यांपैकी ‘इस्ब्योर्न’वर क्नुट स्टुब्बेनडॉर्फ हा स्वीडिश बातमीदार होता. ‘ब्राटवाग’ची गाठ पडली नाही, तेव्हा त्याने सरळ पांढरे बेटच गाठले. ५ सप्टेंबरला तो उतरला तेव्हा बर्फ आणखी वितळला होता. फ्रेंकेलचा देह सापडला, आणखी कागद सापडले, आणि सापडल्या छायाचित्रांच्या फिती. स्टॉकहोमला जॉन हर्ट्झबर्ग या तज्ज्ञाने त्या अतिशय सावधपणे धुतल्या. सुमारे २४० चित्रांपैकी ९३ वाचली. उतरलेला फुगा आणि त्यापुढे दोन लहान मानवी आकृती, मारलेले अस्वल, बर्फावरून गाडी ढकलणारी माणसे : तेहेतीस वर्षे अंधारात मिटलेले डोळे उघडावेत तशी ती चित्रे वर आली. घेणारा स्वतः बहुतेक चित्रांत नाहीच. छायाचित्रकाराचे नशीब सगळीकडे सारखे.

ते मेले कशाने, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. अन्न होते, काडतुसे होती, कपडे होते, इंधन होते. नान्सेन आणि त्याचा सोबती योहान्सेन याहून वाईट स्थितीत दगडाच्या खोपटात अस्वलाच्या मांसावर सबंध हिवाळा काढून जिवंत परत आले होते. डेन्मार्कचे डॉक्टर ट्रिडे यांना मोहिमेतील अस्वलाच्या मांसाच्या अवशेषांत ट्रिकिनेला नावाचे सूक्ष्म कृमी आढळले, आणि नीट न शिजविलेल्या मांसातून हा रोग झाला असे त्यांनी १९५२ साली मांडले. कोणी थंडीला दोष दिला, कोणी बंद तंबूतील स्टोव्हच्या विषारी वायूला, कोणी अस्वलाच्या काळजाला. बेआ उस्मा या डॉक्टर असलेल्या स्वीडिश लेखिकेने प्रत्येक कपडा व प्रत्येक हाड पुन्हा तपासून या विषयावर पुस्तक लिहिले. त्याला २०१३ साली स्वीडनचे ऑगस्ट पारितोषिक मिळाले. वाद मात्र मिटला नाही. आमच्यासारख्या दूरच्या माणसाने यात निवाडा देणे शोभणार नाही. इतकेच वाटते की पाणी, प्रवाह आणि हिमखंड यांच्याशी झगडताना ज्यांनी हूं की चूं केले नाही, त्यांना न हलणाऱ्या जमिनीवर आल्यावर प्रथमच करावयास काही उरले नव्हते. माणसाला यानेही ग्रासता येते. बेट आता १९७३ पासून राखीव प्रदेशात मोडते. तिकडेच, स्पिट्सबर्गेनच्या पश्चिम किनाऱ्यावरील नी-ओलेसुंड येथे, २००८ पासून आपल्या देशाचे ‘हिमाद्रि’ हे संशोधन केंद्र आहे. तेव्हा आपल्याकडील शास्त्रज्ञही हल्ली त्याच पाण्यातून जातात.

तिन्ही देह स्वीडनला नेण्याचे काम ‘स्वेन्स्कसुंड’ या युद्धनौकेकडे आले. १८९७ साली याच नौकेने तिघांना डेन्स बेटावर पोहोचविले होते. ५ ऑक्टोबर १९३० रोजी, म्हणजे ते पांढऱ्या बेटावर उतरले त्या तारखेपासून बरोबर तेहेतीस वर्षांनी, नौका स्टॉकहोमला लागली. राजे पाचवे गुस्ताव स्वतः धक्क्यावर आले होते आणि रस्त्यांत माणूस मावत नव्हता. तिघांचे दहन करून अस्थी शहराच्या उत्तरेकडील स्मशानभूमीत एकत्र ठेविल्या.

आन्ना शार्लियर त्या वेळी साठीला टेकली होती. पुष्कळ वर्षे वाट पाहून तिने गिल्बर्ट हॉट्री नावाच्या इंग्रज शिक्षकाशी विवाह केला होता. लघुलिपीतील पत्रे तिला लिहिली गेल्यानंतर तेहेतीस वर्षांनी उजेडात आली. १९४९ साली ती वारली. तिच्या इच्छेप्रमाणे तिचे हृदय देहापासून वेगळे करून चांदीच्या एका लहान पेटीत ठेविले गेले, आणि ती पेटी स्टॉकहोमला नेऊन स्ट्रिंडबर्गच्या अस्थींजवळ पुरली.